ठिणगीचं फडकं

“आता साक्षात ब्रह्मदेव पेनड्राइव्ह घेऊन आला ना, तरी आपलं एक चित्र त्याच्या हाती लागणार नाही!”

ठिणगीने स्टुलावर उभं राहून ही घोषणा केली तेव्हा तिच्या एका हातात स्क्रूड्रायव्हर होता, दुसऱ्या हातात वायरींचं भेंडोळं होतं आणि केसांत लाकडाचा भुसा होता. खाली उभ्या असलेल्या ताईने शांतपणे विचारलं, “ते स्टूल तिरकं कोणी कापलं?”

ठिणगी म्हणजे ताईची धाकटी बहीण. खरं नाव चांगलं भारदस्त आहे हो! पण लहानपणी तिने पंखा आणि इस्त्री एकाच वायरीवर चालवून दाखवायच्या नादात अख्ख्या गल्लीचे दिवे घालवले, आणि तेव्हापासून ते नाव फक्त सरकारी कागदांवर उरलं. दोघी बहिणी घराखालच्या लांबट खोलीत ‘लाकूडमेळा’ नावाचा खेळण्यांचा कारखाना चालवायच्या. ताई खेळण्यांची चित्रं काढायची. ठिणगी ती कॉम्प्युटरवर चढवून कापायच्या मशीनला समजतील अशी करायची. मशीन घुर्रर्र करत फळीतून हत्ती, घोडे, माकडं कापून काढायचं. तिसरे भावजी, म्हणजे ताईचे यजमान. त्यांचं औषधांचं दुकान होतं, पण घरी आले की कारखान्याचे हमाल, चहावाले आणि शिव्या खाणारे असं तिहेरी काम तेच करायचे.

सगळं झकास चाललं होतं. मग एक दिवस चौकापलीकडच्या ‘लाकूडमळा’ या कारखान्याच्या काचेत ताईला आपला उंट दिसला! कुबड दाबलं की मान डोलवणारा उंट! ताईने महिनाभर डोकं खाजवून काढलेला, अजून बाजारातही न आणलेला! आणि तो तिथे, काचेत, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा मान डोलवत उभा होता.

‘लाकूडमळ्या’चे मालक एक वयस्क गृहस्थ होते. बारा महिने लोकरीची टोपी घालून बसायचे. ताईने त्यांचं नाव टोपीवाला ठेवलं होतं. टोपी घालतो म्हणून, आणि आता आम्हालाही घातली म्हणून! “आधी कारखान्याचं नाव ढापलं, आता उंट!” असं ती त्यांच्या दुकानासमोर, रस्त्यात उभी राहून, चौथ्या मजल्यावरच्या लोकांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलून आली होती.

आणि अशातच मोठी बातमी आली. दुकानांच्या एका बड्या साखळीच्या खरेदी अधिकारी बाई येत्या आठवड्यात कारखाना बघायला येणार होत्या. त्यांना नवीन, कोणाकडेच नसलेलं काहीतरी हवं होतं. ताईची लाकडी सर्कस अगदी तशीच होती. त्यात एकावर एक चढणारी जनावरं होती, एक खिळा नाही, एक थेंब गोंद नाही. अख्खी सर्कस कॉम्प्युटरातच काढलेली होती, कागदावर एक रेघ नाही. ती पसंत पडली असती तर वर्षभराची चिंता मिटली असती. नाही पडली, तर मशीन विकून ताई पुन्हा शाळेत चित्रकला शिकवायला मोकळी.

“टोपीवाला सर्कस चोरणार!” ताई म्हणाली.

“चोरूच दे!” ठिणगीचे डोळे लुकलुकले. “म्हणजे चोरायला येऊच दे! मी अशी यंत्रणा करते की चोर खोलीत शिरला की आपण इकडून एक इशारा द्यायचा, आणि डिस्क साफ! कोरी करकरीत! आपत्कालीन माहिती-निर्मूलन यंत्रणा!”

“म्हणजे फडकं,” भावजी म्हणाले.

तेव्हापासून त्या थोर शोधाला घरात फडकंच म्हणायला लागले.

पहिलं फडकं म्हणजे स्प्रिंगवर बसवलेला हातोडा होता. इशारा मिळाला की तो डिस्कवर आदळायचा. चाचणीत तो आदळला, पण टेबलावर. टेबलाचा पाय निखळला आणि डिस्क मात्र टुणकन उडून भुशाच्या पोत्यात सुखरूप जाऊन बसली. दुसऱ्या फडक्यात लोहचुंबक होतं. डिस्कवरचं एक अक्षर त्याने पुसलं नाही, पण ताईची कात्री, पाना आणि भावजींच्या पट्ट्याचं बक्कल त्याने जिवाभावाने धरून ठेवलं. भावजी त्या पट्ट्यात होते. बराच वेळ होते.

मग एका दुपारी ठिणगी अंघोळ अर्धवट टाकून, डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत खाली आली.

“सुचलं! ताई, सुचलं! डिस्क पुसायचीच कशाला? पुसायला तास लागतात. आपण सगळी डिस्क कुलपात ठेवायची. सगळी चित्रं अशा गुप्त लिपीत, की किल्ली असेल तरच वाचता येतील. आणि इशारा मिळाला की फक्त किल्ली पुसायची! एवढीशी असते! पापणी लवायच्या आत खलास!”

“आणि मग?”

“मग काय! माल आत, कुलूप जागेवर, पण किल्ली अख्ख्या जगात कुठेच नाही! चोराने डिस्क घरी नेली तरी उशाला घेऊन झोपायच्या कामाची!”

कल्पना खरंच नामी होती. ताईसुद्धा क्षणभर गप्प झाली, आणि ताई गप्प होणं म्हणजे त्या घरात सुवर्णपदक!

आता प्रश्न उरला इशाऱ्याचा. बटण नको, कारण चोराने हात धरले तर दाबणार कसं? आवाज हवा. छताला मायक्रोफोन लावायचा, आणि ठरलेले शब्द कानावर पडले की फडकं फिरलंच पाहिजे.

“‘उंट’ ठेवूया,” ताई म्हणाली.

“आपण दिवसभर उंट उंट करत असतो!”

“मग ‘पळा’?”

“तू भावजींना तासाला चारदा म्हणतेस!”

चहाचे कप उचलता उचलता भावजी हळूच म्हणाले, “‘माझं चुकलं’ ठेवा.”

ठिणगी म्हणाली, “भावजी, ते तर तुम्ही उठल्यापासून झोपेपर्यंत म्हणत असता!”

“माझ्या आवाजात नको. हिच्या आवाजात ठेव. लग्न झाल्यापासून एकदाही म्हटलेलं नाही. अपघातानेसुद्धा नाही.”

ठिणगीने टाळीच वाजवली! याहून भक्कम कुलूप जगात सापडलं नसतं. ताईनेही मान डोलावली. तिला त्यात काही खटकलंच नाही. उलट आपली एवढी खात्री देता येते याचा तिला अभिमानच वाटला.

पण मंडळी, यंत्राला आवाज ओळखता यायचा तर आधी तो ऐकवायला नको का? ताईला मायक्रोफोनसमोर बसवलं. ठिणगीने हिरवं बटण दाबलं. “हं, म्हण.”

“तुझं चुकलं.”

“तुझं नाही, माझं!”

“तेच म्हणतेय मी, तुझं चुकलं.”

“अगं ताई, म्हण, ‘माझं चुकलं’!”

ताईने घसा खाकरला. पाणी प्याली. पदर सारखा केला. “माझं...” म्हणाली आणि थांबली. “पण कशाबद्दल?”

“कशाबद्दलच नाही! नुसतं म्हणायचं!”

“नुसतं कसं म्हणू? काही चुकायला तर पाहिजे ना!”

“चुकलंय असं समज!”

“तेच तर समजत नाही!”

मग तिने “माझं चुकलं?” असं म्हटलं. शेवटी एवढं मोठं प्रश्नचिन्ह, की मायक्रोफोनही दचकला असेल. मग “माझं चुकलं म्हणे!” असं म्हटलं. मग “चुकलं असेल, पण माझं नाही” असंही म्हणून बघितलं. ठिणगी घामाघूम झाली. तिला वाटलं, हातोडाच बरा होता.

तेवढ्यात भावजी दाराशी येऊन उभे राहिले. हातात चहाचा ट्रे. आणि नेमकं तेव्हाच, कंटाळून, दमून, डोळे मिटून, ताईने अगदी सरळ आवाजात म्हटलं, “माझं चुकलं. माझं चुकलं. माझं चुकलं. झालं समाधान?”

भावजींनी ट्रे तिथेच खाली ठेवला. भावजींचे डोळे भरून आले होते.

“परत एकदा म्हणतेस का?” ते म्हणाले. “मला नीट ऐकू आलं नाही.”

“यंत्रासाठी म्हणतेय!”

“हो हो, यंत्रासाठीच. जरा मोठ्याने.” असं म्हणत त्यांनी शर्टाच्या खिशातला फोन उगीचच चाचपला. ठिणगीने ते पाहिलं. पण ती इतकी आनंदात होती की पाहिलं आणि विसरली.

एका जुन्या डिस्कवर चाचणी झाली. भावजी माझं चुकलं म्हणाले, काही नाही. ठिणगी म्हणाली, काही नाही. ताई म्हणाली आणि पडदा फटकन काळा! ठिणगीने खोलीभर उड्या मारल्या, भुसा कारंज्यासारखा उडाला. त्याच संध्याकाळी तिने फडकं खऱ्या डिस्कला जोडून टाकलं.

नंतरचे काही दिवस ताईची एकच तक्रार होती. “यांना हल्ली फोन केला की लवकर उचलतच नाहीत! वाजत राहतो, वाजत राहतो, आणि मग उचलतात ते एवढे खुशीत!”

ठिणगीला यात काही विशेष वाटलं नाही. माणूस खुशीत असणं चांगलंच की!

खरेदी अधिकारी बाई आल्या त्या दिवशी खोली लख्ख होती. बाई उंच, कडक, घड्याळाकडे बघत बोलणाऱ्या. “मला अजून एका ठिकाणी जायचंय,” त्यांनी आल्या आल्या सांगितलं. ठिणगीने पडद्यावर सर्कस उघडली. हत्तीवर घोडा, घोड्यावर अस्वल, अस्वलावर माकड! बाई पुढे सरकल्या. घड्याळाकडे बघायच्या थांबल्या. “वा,” म्हणाल्या. ठिणगीच्या काळजाने कोलांटी मारली. असल्या बाईंचं एक ‘वा’ म्हणजे दुसऱ्यांचं अख्खं भाषण!

“बसून बघा ना!” ताई म्हणाली. पण खुर्ची? भावजी मघाच वर खुर्ची आणायला गेले होते ते अजून जिन्यातच कुठेतरी होते. ताईने पदराआड फोन धरून त्यांना लावला.

भावजी त्याच क्षणी डोक्यावर खुर्ची घेऊन दारातून आत आले. दोन्ही हात खुर्चीला. आणि त्यांच्या खिशातून, खणखणीत, ताईच्या आवाजात ऐकू आलं:

“माझं चुकलं! माझं चुकलं! माझं चुकलं! झालं समाधान?”

पडदा काळा.

“चाललं!” ठिणगी जागच्या जागी उडाली. “ताई, चाललं! पापणी लवायच्या आत! खऱ्या डिस्कवर!” आणि मग तिला कळलं ती काय बोलतेय ते. उचललेले हात वरच राहिले.

“लाइट गेली का?” बाईंनी विचारलं.

“माझं चुकलं! माझं चुकलं!” खिसा ओरडतच होता.

ताई भावजींकडे वळली. “हा आवाज कुठून येतोय?”

“फोनमधून,” खुर्चीखालून भावजी म्हणाले.

“कोणाचा फोन येतोय?”

“तुझा.”

“आणि आवाज कोणाचा?”

“तोही... तुझाच.”

“माझा फोन आला की तुमच्या खिशात मी माफी मागते?”

“फक्त तुझा आला तरच,” भावजी म्हणाले. ही काही जमेची बाजू नव्हती. “म्हणजे रोज जरा... बरं वाटायचं.”

ताईने हात पुढे केला. भावजींनी खुर्ची ठेवली, फोन दिला, आणि ताईने त्यांच्या डोळ्यांदेखत ती धून काढून टाकली. त्या दिवशी घरातल्या दोन मौल्यवान गोष्टी कायमच्या पुसल्या गेल्या. भावजींना कशाचं दुःख जास्त झालं ते विचारायची सोय नव्हती.

“मग सर्कस?” बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

“आत आहे,” ठिणगी म्हणाली. “पूर्ण आहे. फक्त जगात कोणालाच दिसणार नाही.”

बाई वळल्या. अशी खेळणी मुलांना कशी विकायची, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. “मी निघते,” म्हणाल्या आणि खरंच निघाल्या.

“बॅकअप!” ठिणगी किंचाळली. “घाबरू नकोस ताई! मी मागेच सोय केलीय! दर शुक्रवारी सगळी चित्रं आपोआप आपल्या दुसऱ्या मेलवर जातात!” तिने फोनवर ती मेलपेटी उघडली. नवी कोरी. एक मेल नाही. भाड्याने द्यायला काढलेल्या घरासारखी रिकामी.

 ताई भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या ओठांचा कोपरा थरथरला, आणि ठिणगीने हातातला फोन हळूच खाली ठेवला. चिडलेली ताई तिने हजारदा पाहिली होती. रडणारी कधीच नाही.

आणि मग ताईने डोकं वर केलं. “टोपीवाला!”

“काय?”

“त्याने उंट चोरला ना? मग सर्कसही चोरली असेल! नक्की चोरली असेल! मेला काही सोडायचा नाही!” तिच्या डोळ्यांत आशा चमकायला लागली होती. “देवा, चोरलेली असू दे!”

तिघंही गाडीत कोंबून निघाले. चौक ओलांडून ‘लाकूडमळ्या’त घुसले तेव्हा टोपीवाले काका टोपी सावरत उठले, आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या खरेदी अधिकारी बाई! त्यांचं ‘अजून एक ठिकाण’ हेच होतं!

पण ताई आता कोणाला ऐकणार होती? “काका, खरं सांगा. तुम्ही आमचं काय काय चोरलंत?”

“चोरलं? मी?”

“उंट चोरलात ना? मग सर्कस? सर्कस चोरलीत की नाही?”

“बाई, मी उभ्या आयुष्यात कोणाची टाचणीसुद्धा...”

“असं म्हणू नका हो!” ताई काकुळतीला आली. “कृपा करून चोरली म्हणा! मी कोणाला काही सांगणार नाही!”

काकांनी कपाळावरची टोपी मागे सरकवली. “अहो, चोरायची काय गरज? तुम्हीच पाठवता की.” आणि त्यांनी आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला.

मेलच मेल! दर शुक्रवारचा एक. प्रत्येकावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘महत्त्वाचं. जपून ठेवा.’

“मी जपून ठेवलं,” काका म्हणाले. “सगळं. छापूनसुद्धा ठेवलंय. आधी वाटलं, चुकून आलं असेल. म्हणून कळवलं. उत्तर नाही. मग विचारलं, उंट करून बघू का? तरी उत्तर नाही. म्हटलं, नको असतं तर पाठवणं थांबवलं असतं. तर पुढच्या शुक्रवारी हत्ती आला!”

सगळ्यांच्या माना सावकाश ठिणगीकडे वळल्या. ठिणगी पडद्यावरचा मेलचा पत्ता वाचत होती. लाकूडमेळा आणि लाकूडमळा! इंग्रजीत टाइप करताना ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला होता. एकच अक्षर हो! आणि काकांची उत्तरं जायची ती तिने फक्त पाठवण्यापुरत्या उघडलेल्या, कोणीच न वाचणाऱ्या खात्यावर.

“आणि माझ्या दुकानासमोर येऊन तुम्ही जे बोललात,” काका ताईला म्हणाले, “ते आमच्या चौथ्या मजल्यावरच्या आजींनी अजून लक्षात ठेवलंय.”

ताईने तोंड उघडलं. मिटलं. मग तिने काकांसमोर हात जोडले आणि मान खाली घातली. शब्द एक नाही, पण काकांना बहुतेक पुरलं असावं. त्यांनी लगेच शेवटच्या शुक्रवारचा मेल उघडला.

सर्कस! हत्ती, घोडा, अस्वल, माकड, एकूण एक! ठिणगीने पडद्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. भावजींनी काकांनाच मारली.

“सुंदर आहे,” खरेदी अधिकारी बाई म्हणाल्या. “पण कोणाची समजू?”

“चित्रं यांची,” काका झटकन म्हणाले. “अस्वलाचा पाय मात्र जरा आखूड झालाय. मी कागदावर दुरुस्त करून ठेवला होता.”

ताईने तो कागद पाहिला. पाय खरोखरच आखूड होता. तिने हे मान्य केलं ते नाकातून, एक लांब श्वास सोडून.

बाईंनी घड्याळाकडे बघत बघत सगळं उरकलं. चित्रं ‘मेळ्या’ची, लाकूडकाम ‘मळ्या’चं कारण त्यांच्याकडे मशीनं मोठी, आणि माल दोघांच्या नावाने. “फक्त एक अट,” त्या दाराशी थांबून म्हणाल्या, “कॉम्प्युटरला त्या मुलीने हात लावायचा नाही.”

परत येताना भावजी गाडी चालवत होते. शेजारी ताई, मांडीवर चित्रांची पिशवी, नजर सरळ रस्त्यावर. ऑर्डर मिळाली होती, सर्कस वाचली होती, चोर चोर नव्हता. आनंद मानायचा की कोणाचा तरी गळा धरायचा, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

मागच्या सीटवर ठिणगी बोटं मोजत होती. मग पुन्हा मोजली. आणि एकदम पुढच्या दोन सीटांच्या मधून तिने डोकं बाहेर काढलं, गाल लाल, डोळे चकचकीत!

“ताई! एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही! माझा बॅकअप दर शुक्रवारी वेळेवर गेलाय! एकसुद्धा शुक्रवार हुकलेला नाही! म्हणजे यंत्रणा एकदम पक्की आहे!”

भावजींनी मुकाट्याने गाडी कडेला घेतली. ताई खाली उतरली, मागचं दार उघडलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, “उतर.”

घर तिथून काही फार लांब नव्हतं, असं ठिणगी अजूनही सगळ्यांना सांगते. आणि चालताना कल्पना चांगल्या सुचतात, हेही सांगते. पण नेमकी कोणती सुचली, ते विचारायची हिंमत त्या घरात अजून कोणी केलेली नाही.